ओढा, धार आणि पाऊस : पाठीवरच्या सामानाचं प्रवासवर्णन

मार्ग साधा होता. पायथा ११०० मीटरवर. पहिला मुक्काम १४०० मीटरवर, ओढ्याजवळच्या रानात. दुसरा २२०० मीटरवर, डोंगराच्या उघड्या धारेवर. तिसरा धारेपलीकडे पुन्हा झाडीत, आणि चौथ्या दिवशी उतरून बाहेर. चौघे जण, दोघांत एक असे दोन तंबू. जाण्यायेण्याचं सगळं सुरळीत जमलं, त्यामुळे त्यात शब्द घालवत नाही. हे वर्णन सामानाचं आहे: काय घेतलं, का घेतलं, आणि वाटेत भेटलेल्यांचं कुठे अडलं.

निघण्याच्या आदल्या दिवशी

सामानाची निवड सुरू होते ती किमान तापमानापासून. सगळ्या मार्गातली सर्वांत वाईट रात्र कोणती, ते आधी ठरवायचं आणि त्या रात्रीसाठी सामान घ्यायचं. दिवसा माणूस चालत असतो, अंगात ऊब असते, काही कमी पडलं तरी निभावतं. पहाटे तीन वाजता निभावत नाही.

पायथ्याचा रात्रीचा अंदाज १२ अंश होता. उंची वाढते तशी हवा दर १००० मीटरला साधारण ६.५ अंशांनी थंड होते. धार पायथ्यापासून ११०० मीटर वर, म्हणजे तिथे ५ अंश धरायचे. त्यात वारा आणि अंदाज चुकण्याची शक्यता मिळवून हिशेब ० अंशाचा केला. स्लीपिंग बॅग, मॅट, रात्रीचे कपडे, गॅस या चारही गोष्टी या एका आकड्यावरून ठरल्या.

मग वजन. प्रत्येक वस्तू काट्यावर ठेवून ग्रॅममध्ये लिहून काढायची. अंदाजाने धरलेलं वजन नेहमी खऱ्यापेक्षा कमी भरतं. एका माणसाचा हिशेब असा झाला: तंबूचा अर्धा वाटा १.१ किलो, स्लीपिंग बॅग १.१, दोन मॅट मिळून ०.८, रिकामी सॅक १.७, स्टोव्ह-भांड्याचा वाटा ०.५, अंगावरचे सोडून कपडे १.५, पावसाचे कपडे ०.६, प्रथमोपचार, दुरुस्ती, दिवा, नकाशा वगैरे १.०. एकूण ८.३ किलो. यावर खाणं दिवसाला ६५० ग्रॅमप्रमाणे चार दिवसांचं २.६ किलो, गॅसचा वाटा ०.२ आणि दोन लिटर पाणी. सगळं मिळून १३.१ किलो. शरीराच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापर्यंत ओझं, हा जुना ठोकताळा ६५ किलोच्या माणसाला १३ किलो देतो. त्याच्या फार वर गेलं की उतारावर गुडघे बोलायला लागतात.

या वजनाला ५० ते ५५ लिटरची सॅक पुरते. मोठी सॅक घेतली की ती भरली जातेच, म्हणून सॅक सगळ्यात शेवटी निवडावी, बाकीचं सामान जमिनीवर मांडून झाल्यावर. सॅकची लांबी उंचीवरून न ठरवता पाठीवरून ठरवायची. मान पुढे झुकवली की मानेच्या तळाशी जो मणका उठून दिसतो, तिथपासून कमरेच्या दोन्ही हाडांच्या वरच्या कडा जोडणाऱ्या रेषेपर्यंतचं अंतर टेपने मोजायचं. उंच माणसाची पाठ आखूड असू शकते.

वाटणी करताना एक पथ्य: एकमेकांशिवाय निरुपयोगी असलेल्या वस्तू दोघांत वाटू नयेत. बर्नर एकाकडे आणि गॅस दुसऱ्याकडे असेल आणि दोघे अर्धा दिवस वेगळे पडले, तर दोघांपैकी कुणालाच गरम पाणी मिळत नाही. तंबूचं कापड आणि काठ्या वाटाव्या लागतातच, पण मग त्या दोघांनी एकत्र चालायचं.

पहिला दिवस: रानातून ओढ्याकडे

सकाळी हवा कोरडी आणि वाट रुंद होती, त्यामुळे पहिला तास सॅक बसवण्यात गेला. त्याचा क्रम ठरलेला आहे. सगळे पट्टे सैल करायचे, कमरपट्टा कमरेच्या हाडांवर घेऊन आवळायचा, मग खांद्याचे पट्टे, मग खांद्यावरून सॅकच्या माथ्याकडे जाणारे छोटे पट्टे साधारण ४५ अंशांत ताणायचे, आणि शेवटी छातीचा पट्टा. वजनाचा मोठा भाग कमरेवर यायला हवा. खांदे तासाभरात दुखू लागले तर बहुतेक वेळा कमरपट्टा खाली, पोटाच्या मऊ भागावर सरकलेला असतो.

आत भरतानाही क्रम असतो. तळाशी स्लीपिंग बॅग. मध्ये, पाठीला चिकटून आणि खांद्याच्या पात्यांच्या उंचीला जड वस्तू: खाणं, पाणी, गॅस. बाहेरच्या बाजूला हलके कपडे. वरच्या कप्प्यात पावसाचं जाकीट, दिवा, प्रथमोपचार. जड वस्तू पाठीपासून लांब गेली की सॅक मागे ओढते, माणूस पुढे वाकतो आणि दिवसअखेर पाठ धरते.

दुपारी वाट काटेरी झुडपांतून गेली. तिथे समोरून दोघे उतरत होते. एकाने हवा भरायची मॅट सॅकच्या बाहेर बांधली होती आणि तिला तीन ठिकाणी ओरखडे होते. त्याची रात्र कशी गेली ते विचारावं लागलं नाही. फोमची मॅट बाहेर बांधली तर चालते, तिला भोक पडून काही होत नाही. हवेची मॅट सॅकच्या आत.

ओढा संध्याकाळी चारला आला. पाण्याकाठी सपाट, हिरवी, मोहात पाडणारी जागा होती. ती सोडून पाण्यापासून सत्तर-ऐंशी पावलं वर, झाडीच्या कडेला तंबू लावले. कारणं तीन. थंड हवा जड असते आणि रात्री घसरून ओढ्याच्या पात्रात साचते, त्यामुळे काठ आणि थोडी वरची जागा यांत दोन-चार अंशांचा फरक सहज पडतो. काठावर दमटपणा जास्त, म्हणून तंबूत आतून पाणी जास्त. आणि वर कुठे पाऊस झाला तर ओढा सांगून वाढत नाही. जागा ठरली की मान वर करून बघायचं: वाळलेली फांदी डोक्यावर असेल तर जागा कितीही सपाट असो, सोडायची.

तंबूबद्दल थोडं सविस्तर, कारण पैसे इथेच जास्त वाया जातात. 'दोन माणसांचा' असं लिहिलेलं असतं तेव्हा दोन मॅट शेजारी शेजारी कशाबशा मावतात असा अर्थ घ्यायचा. आतली रुंदी १३० सेंटीमीटरपेक्षा कमी असेल तर सॅक बाहेरच्या पडवीत ठेवावी लागते. म्हणजे पडवी असलेलाच तंबू हवा, आणि दोन दारं असतील तर रात्री दुसऱ्याला ओलांडून बाहेर जावं लागत नाही. कापडाचा पाणरोधकपणा मिलिमीटरमध्ये सांगतात: कापडावर पाण्याचा किती उंच स्तंभ उभा राहिला की थेंब आत येतो, तो आकडा. बाहेरच्या कापडाला १५०० मिलिमीटर बहुतेक पावसाला पुरतात. तळाला ३००० च्या पुढे हवेत, कारण तिथे पाण्यावर माणसाचा गुडघा आणि कोपर दाब देत असतात. आकडा चांगला असूनही तंबू गळत असेल तर शिवण बघावी. शिवणीवर आतून पट्टी चिकटवलेली नसेल तर सुईच्या भोकांतून पाणी येतं.

तळाखाली अंथरायचं जादा कापड तंबूच्या तळापेक्षा चारही बाजूंनी पाच सेंटीमीटर लहान हवं. बाहेर डोकावलं की फ्लायवरून, म्हणजे तंबूच्या बाहेरच्या कापडावरून, ओघळलेलं पाणी त्यावर पडतं आणि तळाखाली तळं तयार होतं.

पहाटे फ्लाय आतून ओली होती. ही गळती नव्हे. एक माणूस रात्रभरात श्वास आणि त्वचेवाटे पाव लिटरहून अधिक ओल सोडतो; दोघांचं अर्धा लिटर पाणी थंड कापडावर जमणारच. खालची आणि वरची झडप उघडी ठेवायची, ओले कपडे आत वाळत घालायचे नाहीत, आणि आतली जाळी बाहेरच्या कापडाला टेकणार नाही इतका ताण ठेवायचा. थंडी वाजते म्हणून सगळ्या झडपा बंद केल्या की सकाळी स्लीपिंग बॅग ओली मिळते आणि पुढची रात्र जास्त थंड जाते.

रात्रीचं जेवण गरम पाणी ओतून झाकून ठेवण्याचं होतं. त्यात भांडं एकच लागतं, घासायला काही उरत नाही आणि गॅस वाचतो. वारा नसताना एक लिटर पाणी उकळायला साधारण १५ ग्रॅम गॅस लागतो. दोघांना संध्याकाळी दोन आणि सकाळी दीड लिटर धरलं तर तीन मुक्कामांचं साडेदहा लिटर, म्हणजे १६० ग्रॅम. २३० ग्रॅमचा एक डबा जोडीला पुरतो, वारा नसेल तर. वारा असेल तर खर्च दीडपट-दुपटीवर जातो. म्हणून दोन जोड्यांकडे एकेक २३० चा डबा आणि मध्ये सामाईक १०० ग्रॅमचा एक छोटा. हा छोटा डबा घरी ठेवावा का, यावर आदल्या दिवशी बरीच चर्चा झाली होती.

दुसरा दिवस: धारेवर

चढ ८०० मीटरचा आणि वर पाणी नाही. ओढ्यावरूनच माणशी चार लिटर भरून घ्यावं लागलं, म्हणजे आणखी दोन किलो. पाण्याला कडक बाटली एक आणि बाकी घडी होणाऱ्या पिशव्या हे चांगलं जमतं; रिकाम्या पिशवीला वजन नसतं आणि जागाही लागत नाही.

ओढ्याचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी शुद्ध करूनच प्यायचं. पोकळ तंतूंच्या फिल्टरची छिद्रं ०.१ ते ०.२ मायक्रॉनची असतात. जीवाणू आणि जिआर्डियासारखे परजीवी त्यात अडकतात, विषाणू मात्र आरपार जातात. जिथे वरच्या अंगाला वस्ती आहे तिथे फिल्टरनंतर क्लोरीनची गोळी किंवा उकळणं हवंच. गोळीला साधारण अर्धा तास द्यायचा, पाणी बर्फगार असेल तर जास्त. आणि गढूळ पाण्यात गोळी नीट काम करत नाही, म्हणून आधी गाळायचं. उकळायचं तर एक मिनिट खळखळ, २००० मीटरच्या वर तीन मिनिटं, कारण उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळतं. धारेवर ते ९३ अंशांच्या आसपास उकळत होतं. झाकून ठेवलेलं जेवण शिजायला त्यामुळे पाच-सात मिनिटं जास्त लागली.

फिल्टरची एक खोड माहीत हवी. एकदा ओला झालेला फिल्टर गोठला की आतले तंतू तडकतात. बाहेरून काहीच दिसत नाही, पाणी उलट जास्त वेगाने येतं आणि गाळलं मात्र जात नाही. शून्याच्या आसपासची रात्र असेल तर फिल्टर प्लास्टिकच्या पिशवीत घालून स्लीपिंग बॅगमध्ये, पायाशी.

चढताना थरांचा खेळ सुरू झाला. अंगाला लागून घाम शोषून बाहेर टाकणारा लोकरी किंवा पॉलिस्टरचा पातळ थर, त्यावर ऊब धरणारा फ्लीस, त्यावर वारा-पाऊस अडवणारं जाकीट. सुती कपडे घरी, कारण सूत पाणी धरून ठेवतं आणि थांबलं की अंगातली उष्णता ओढून घेतं. नियम असा की चढ सुरू होताना थोडी थंडी वाजतच निघायचं. दहा मिनिटांत अंग तापतं. घाम आल्यावर थर काढला तर उशीर झालेला असतो, तोच घाम धारेवरच्या वाऱ्यात गारठवतो.

धारेवर आधीच एका जोडीचा तंबू होता. स्वभावाने मोकळे लोक. त्यांनी वाऱ्यामागची दगडांची आडोशी जागा दाखवली आणि चहाला बोलावलं. त्यांच्या तंबूच्या काठ्या फायबरग्लासच्या होत्या. सातच्या सुमाराला एका झोतात एक काठी उभी चिरली आणि तिचं टोक फ्लायमधून बाहेर आलं. अ‍ॅल्युमिनियमची काठी आधी वाकते, फायबरग्लासची सरळ चिरते. दुरुस्तीच्या पिशवीतली दहा सेंटीमीटरची धातूची नळी चिरलेल्या जागेवर सरकवली, दोन्ही टोकांना चिकटपट्टीचे चार-चार वेढे दिले आणि काठी रात्रभर टिकली. नळी नसती तर तंबूची खुंटी आडवी बांधून तेच काम होतं. फ्लायच्या भोकाला आतून आणि बाहेरून कापडी पट्टी लावली, कोपरे गोल कापून, कारण चौकोनी कोपरा आधी उचकटतो.

दुरुस्तीची पिशवी म्हणजे इतकंच: काठीची नळी, रुंद चिकटपट्टी दोन मीटर (पाण्याच्या बाटलीला गुंडाळून), कापडी पट्ट्या, जाड सुई आणि दातांचा धागा, मॅटचा पॅच, चार मीटर बारीक दोरी, दोन जादा खुंट्या, एक जादा बकल. दीडशे ग्रॅमही होत नाही.

वाऱ्यात तंबू लावताना अरुंद बाजू वाऱ्याकडे, दार वाऱ्याच्या उलट बाजूला. पहिली खुंटी वाऱ्याकडची, कापड जमिनीवर असतानाच. खुंटीचं डोकं तंबूपासून दूर झुकलेलं आणि दोरी खुंटीशी साधारण काटकोनात, अगदी जमिनीलगत. दोरी खुंटीवर वर बांधली की खुंटी उपटली जाते. खडकाळ जमिनीत बारीक गोल खुंटी, मऊ मातीत पन्हाळी आकाराची रुंद. दोन्ही प्रकार मिसळून घ्यावेत. खुंटी आत जातच नसेल तर दोरी मोठ्या दगडाला गुंडाळून त्यावर दुसरा दगड. तंबूबरोबर येणाऱ्या खुंट्या बहुधा सगळ्यात कमकुवत भाग असतात. दुसऱ्या घेण्यात घातलेले पैसे वसूल होतात.

जेवणाच्या वेळी अपेक्षेप्रमाणे गॅस जास्त गेला. बर्नरभोवती वारा अडवायला सॅक आणि दगड तीन बाजूंना लावले, चौथी उघडी. डब्यावर बसणाऱ्या बर्नरला पूर्ण गोल पत्रा लावायचा नाही; उष्णता खाली परतते, डबा तापतो आणि फुटू शकतो. हाताला डबा गरम लागला तर लगेच आडोसा काढायचा. आणि कितीही वारा असो, बंद तंबूत स्टोव्ह पेटवायचा नाही. आगीची भीती आहेच, पण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, ते कळत नाही.

थंडीत कुठला गॅस, हा प्रश्न इथे उभा राहतो. साधा ब्युटेन ०.५ अंश शून्याखाली गेला की वायू व्हायचाच थांबतो, आणि ५ अंशांतही ज्योत मरगळते, कारण जळताना डबा स्वतः थंड होत जातो. आयसोब्युटेन साधारण उणे १२ पर्यंत आणि प्रोपेन उणे ४२ पर्यंत वायू होतो. डब्यावरची नावं वाचून आयसोब्युटेन आणि प्रोपेनचं मिश्रण घ्यायचं. मुक्कामी डबा रात्री स्लीपिंग बॅगजवळ ठेवला की सकाळी ज्योत नीट येते.

आता झोप. स्लीपिंग बॅगवर ठळक छापलेलं तापमान कुठलं आहे ते आधी बघायचं. युरोपात २००५ पासून ईएन १३५३७ आणि पुढे आयएसओ २३५३७ या मानकांनुसार चाचणी होते, आणि तीन आकडे मिळतात. 'कम्फर्ट' हा आरामात पसरून झोपणाऱ्या प्रमाण स्त्रीसाठी, 'लिमिट' हा अंग आखडून झोपणाऱ्या प्रमाण पुरुषासाठी, आणि 'एक्स्ट्रीम' हा जेमतेम जीव वाचण्याचा. निवड कम्फर्टच्या आकड्यावर करायची, पुरुषांनीही. आपल्या हिशेबातली रात्र ० अंशाची, म्हणून बॅग कम्फर्ट ० ची.

पण थंडी येते ती खालून. अंगाखालचा बॅगेचा भाग वजनाने दबतो, त्यातली हवा जाते आणि तिथे ऊब उरतच नाही. ते काम मॅटचं. मॅटची रोधकता आर-मूल्यात सांगतात. २०१८ मध्ये आलेल्या एएसटीएम एफ३३४० चाचणीमुळे वेगवेगळ्या मॅटचे आकडे आता एकमेकांशी ताडून बघता येतात. उन्हाळ्यात २ पुरतं, शून्याच्या आसपास ३ ते ४ हवं, बर्फावर ५ च्या पुढे. दोन मॅट एकावर एक ठेवल्या की मूल्यांची बेरीज होते. फोमची २ ची खाली आणि हवेची २.५ ची वर, मिळून ४.५, आणि हवेची फुटली तरी २ शिल्लक. हातात थोडेच पैसे असतील तर भारी बॅगेपेक्षा चांगल्या मॅटवर घालावेत, हे माझं ठाम मत.

रात्री एका मॅटची हवा कमी झाल्यासारखी वाटली आणि धावपळ झाली. गळती नव्हती. संध्याकाळच्या उबेत भरलेली हवा गारठ्यात आकसते. झोपण्यापूर्वी मॅटवर पडून थंड झाल्यावर पुन्हा दोन फुंका भरायच्या, शक्यतो पंपाच्या पिशवीने, कारण तोंडाच्या हवेतली ओल आत साचते. खरी गळती शोधायची तर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघायचे, सुरुवात झडपेपासून.

गरम पाण्याची बाटली पायाशी घेणाऱ्यांनी ती कडक, घट्ट झाकणाची घ्यावी आणि आधी उलटी धरून तपासावी.

तिसरा दिवस: पाऊस

पहाटे ढग खाली आले. विजेचा आवाज लांब होता, पण धार ही थांबायची जागा नव्हे. वीज दिसल्यापासून गडगडाट तीस सेकंदांच्या आत आला की उघड्या उंच जागेवरून खाली निघायचं. न्याहारी न करता निघालो. त्या जोडीच्या काठीवर लावलेली आमची नळी त्यांच्याकडेच राहू दिली.

धुक्यात वीस पावलांपलीकडचं दिसेना. फोनवर नकाशा होता, पण ओल्या बोटांनी पडदा ऐकत नाही आणि थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते. कागदी नकाशा पाणरोधक पिशवीत आणि होकायंत्र गळ्यात, यावर उरलेला उतार झाला. सिअ‍ॅटलच्या 'द माउंटेनियर्स' या क्लबने १९३० च्या दशकात गिर्यारोहकांसाठी दहा आवश्यक वस्तूंची यादी केली, तिच्यात नकाशा आणि होकायंत्र आहेतच. पुढे उन्हाचा चष्मा व मलम, जादा कपडे, दिवा, प्रथमोपचार, आग पेटवायचं साहित्य, काड्या, चाकू आणि जादा खाणं. गंमत म्हणजे त्या मूळ यादीत पाणी नाही आणि निवाराही नाही. ते दोन्ही नंतर आलं.

पावसात सगळ्यात आधी उघडं पडतं ते जाकीट. नव्या जाकिटावर पाण्याचे मोती होतात; मळ आणि वापराने तो बाहेरचा लेप जातो आणि कापड ओलं होऊन अंगाला चिकटतं. आतला पडदा शाबूत असतो, पण बाहेरचं कापड भिजल्यामुळे घामाची वाफ बाहेर पडत नाही आणि माणूस आतून भिजतो. मग 'जाकीट गळतं' म्हणून नवं घेतलं जातं. आधी ते साबणाचा अंश न ठेवणाऱ्या द्रवाने धुवावं, लेबलवर चालत असेल तर ड्रायरमध्ये मंद उष्णतेवर वाळवावं. उष्णतेने लेप पुन्हा जागा होतो. तरी मोती होत नसतील तर नवा लेप फवारावा. काखेत चेन असलेलं जाकीट चढावर फार सुखाचं.

सॅकचं पावसाळी आवरण पाठीच्या बाजूने उघडंच असतं. पाणी पाठीवरून ओघळून आत शिरतं आणि आवरणाच्या तळाशी साचून राहतं. वाऱ्यात ते उडूनही जातं. सॅकच्या आत जाड प्लास्टिकची मोठी पिशवी घालून सगळं सामान तिच्यात भरायचं, तोंड पिळून दुमडायचं. आवरण लावायचं तर ते या पिशवीच्या जोडीला. स्लीपिंग बॅग आणि रात्रीचे कपडे यांना आत आणखी एक वेगळी बंद पिशवी. पिसांच्या बॅगेला हे जास्तच लागू. पिसं वजनात हलकी आणि छोटी दबतात, पण भिजली की फुगतच नाहीत. कृत्रिम भरण जड असतं, ओलं झाल्यावरही थोडी ऊब धरतं आणि लवकर वाळतं. पावसाळी प्रदेशात वारंवार जाणाऱ्यांनी कृत्रिम भरणाचा विचार करावा.

रात्रीचे कपडे हा स्वतंत्र संच: एक पातळ वरचा, एक खालचा, एक जाड मोजे, टोपी. दिवसा कितीही भिजलं तरी याला हात लावायचा नाही. सकाळी ओले कपडे पुन्हा अंगावर चढवणं त्रासाचं असतं. तरीही चढवायचे.

दुपारी एक एकटा चालणारा गाठ पडला. त्याच्याकडे तंबू नव्हता, फक्त तीन बाय तीन मीटरचं ताडपत्रीसारखं हलकं कापड आणि चालायच्या दोन काठ्या. पाच मिनिटांत त्याने वाऱ्याकडची कड जमिनीला टेकवून उतरतं छप्पर केलं आणि आम्हा सगळ्यांना आत घेतलं. त्याचं ओझं नऊ किलो होतं. असं कापड ४०० ग्रॅममध्ये येतं, पण गाठी हातात बसलेल्या हव्यात आणि डासांसाठी वेगळी जाळी लागते. पहिल्यांदा जाणाऱ्याने त्यावर विसंबू नये; तंबूच्या जोडीला मात्र पावसात स्वयंपाकाला त्याच्यासारखं काही नाही.

तिसरा मुक्काम झाडीत, पावसातच. इथे तंबूचा प्रकार कळतो. ज्यात आधी आतला भाग उभा करून मग फ्लाय टाकायची असते, त्याचा तळ लावेपर्यंत भिजतो. ज्याची फ्लाय आधी उभी राहते, त्यात आतलं कोरडं राहतं. आमच्याकडे दोन्ही प्रकारचा एकेक होता. पहिल्या प्रकारच्या तंबूत स्पंजचा तुकडा कामाला आला. पावसात फ्लाय तासाभराने पुन्हा ताणावी लागते. नायलॉन पाणी पिऊन सैल पडतं, पॉलिस्टर फारसं पडत नाही.

डोक्यावरचा दिवा पावसात स्वयंपाक करताना खरा कळतो. तंबूभोवती ३० ते ५० ल्युमेन (उजेडाचं माप) पुरतात, रात्री वाट शोधायला २०० च्या पुढे. यापेक्षा मोठे आकडे बॅटरी खातात. आयपीएक्स४ म्हणजे शिंतोड्यांना टिकणारा, पावसाला तेवढा चालतो. सॅकमध्ये आपोआप पेटू नये म्हणून बटण कुलूपबंद होणारा घ्यावा. सेल बदलायचा असेल तर लिथियमचे सेल थंडीत अल्कलाइनपेक्षा बरेच टिकतात. १०००० एमएएचच्या पॉवर बँकेतून प्रत्यक्षात साठ-पासष्ट टक्केच फोनपर्यंत पोहोचतात, म्हणजे बहुतेक फोन एकदा पूर्ण आणि थोडा.

एकाच्या टाचेला दुपारीच चटका जाणवत होता. तिथेच थांबून मोजा काढला, त्वचा पुसून कोरडी केली आणि पट्टी लावली. फोड येण्याआधीचा तो लालसर चटका हीच वेळ. मुक्कामापर्यंत कळ काढली तर फोड आलेलाच असतो. प्रथमोपचारात गोळ्यांपेक्षा जास्त वापर या पट्टीचा होतो, म्हणून ती भरपूर घ्यावी. बाकी निर्जंतुक गॉज, लवचिक बँडेज, चिमटा, जंतुनाशक, ओआरएसची पाकिटं, प्रत्येकाची नेहमीची औषधं.

शौचासाठी हातभर लांबीचं नव्हे, वीतभर लांबीचं हलकं खुरपं पुरतं: १५ ते २० सेंटीमीटर खोल खड्डा, पाण्यापासून आणि वाटेपासून किमान ६० मीटर दूर. कागद बंद पिशवीत परत.

चौथा दिवस: उतार आणि वाळवण

पाऊस पहाटे थांबला. ओल्या तंबूचं वजन हातालाच कळत होतं. झटकूनही अर्धा किलो पाणी त्यात राहतं. म्हणून तो सॅकच्या आतल्या पिशवीबाहेर, वरती. दहाच्या उन्हात वाटेवरच्या एका खडकावर दोन्ही फ्लाय पसरल्या आणि विश्रांती तेवढ्यात झाली.

उतारावर बुटांची वरची लेस घोट्याजवळ गाठ मारून आवळायची, म्हणजे पाय पुढे सरकून नखं काळी पडत नाहीत. चालायच्या काठ्या चढापेक्षा पाच-दहा सेंटीमीटर लांब करायच्या.

पायथ्याशी पोहोचल्यावर उरलेला गॅस मोजला. डबा पाण्यात सोडला की किती तिरका आणि किती वर तरंगतो त्यावरून अंदाज येतो. काट्यावर जास्त नेमका. दोन्ही मोठे डबे संपलेले आणि छोट्यातले ६० ग्रॅम उरलेले. छोट्या डब्याबद्दलची निघण्याआधीची चर्चा तिथे मिटली. उरलेल्या डब्यावर कायमच्या शाईने तारीख आणि वजन लिहून ठेवलं.

घरी आल्यावरचं काम त्याच संध्याकाळी करायचं. तंबू सावलीत पूर्ण वाळवून सैल घडीत ठेवायचा. ओला गुंडाळला तर बुरशी येतेच, शिवाय आतला पॉलियुरेथेनचा लेप ओलीने चिकट होऊन सुटतो आणि आंबट वास मारतो, मग तो वाचत नाही. स्लीपिंग बॅग छोट्या पिशवीत दाबून ठेवायची नाही, मोठ्या सुती पिशवीत किंवा टांगून. मॅट झडप उघडी ठेवून पसरून. फिल्टरमधून स्वच्छ पाणी उलट्या दिशेने सोडायचं आणि तो हवेशीर जागी वाळू द्यायचा. दिव्यातले सेल काढून ठेवायचे. काठ्यांच्या सांध्यांतली वाळू पुसून घ्यायची, कारण पुढच्या वेळी काठी अडकते ती तिथेच.